बाचीजवळ एक तास पंचावन्न मिनिटं: आपोआप लॉक झालेला पिकअप आणि काजूचे दोन डबे

पार्श्वभूमी

चंदगड तालुक्यातल्या एका काजू कारखान्यातून बेळगावच्या रविवार पेठेत माल आणणारा हा पिकअप. पासिंग केए-22 चं. मालक उचगाव भागातले, ड्रायव्हर त्यांच्याच गल्लीतला तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. रस्ता बेळगाव-वेंगुर्ला हमरस्त्याचाच : पाटणे फाटा, शिनोळी, मग हद्द ओलांडली की बाची, तुरमुरी, उचगाव फाटा, सुळगा, हिंडलगा आणि शहर. शिनोळी महाराष्ट्रात, बाची कर्नाटकात. मधे भिंत नाही, कुंपण नाही. दुकानांच्या पाट्यांवरची लिपी बदलते, बोलणं बदलत नाही.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. राहायला हिंडलग्यात. या गाडीला सेंट्रल लॉक तीन वर्षांपूर्वी मीच बसवलं, त्यामुळं पुढचं काही लिहिताना माझेच कान धरावे लागणार आहेत. मालक आणि ड्रायव्हर दोघांनीही लिहायला हरकत घेतली नाही. नावं तेवढी घालू नकोस म्हणाले.

गाडीची अवस्था आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं. पिकअप दोन दारांचा, मागे उघडा हौदा. हौद्यावर पाईपच्या चार कमानी आणि वर ताडपत्री, नायलॉनच्या दोरीनं बाजूच्या हुकांना बांधलेली. मागच्या फाळक्याला साखळी, आकडा आणि कुलूप. कंपनीकडून आलेली दारं साधी, किल्लीनं उघडायची; सेंट्रल लॉकचं किट आणि रिमोट बाहेरून बसवलेला. बॅटरी चार वर्षांची, सकाळी पहिल्या सेल्फला कुरकुरणारी. मालक दोन महिने "गणपती झाल्यावर बघूया की" म्हणत होते.

आणखी एक. वर्षभरापूर्वी इग्निशनचा स्विच खराब झाला म्हणून तो बदलला होता. दारांची कुलपं जुनीच ठेवली. म्हणजे गाडीला दोन किल्ल्या झाल्या : स्विचची नवी, दाराची जुनी. त्या दोन, फाळक्याच्या कुलपाची तिसरी आणि लॉकचा रिमोट असं सगळं एकाच जुडग्यात, मधे खंडोबाचा पितळी टाक. जुडगं हातात घेतलं की वजनदार, भरवशाचं वाटायचं.

काय झालं

मागच्या पावसाळ्यातली, जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली संध्याकाळ. कारखान्यात पावणेसहाला माल भरला. चलनावर काजूगराचे दहा किलोचे साठ पत्र्याचे डबे, म्हणजे सहाशे किलो. किलोला 760 रुपये धरून बिल 4,56,000 रुपयांचं. माल राज्याबाहेर जाणारा आणि पन्नास हजारांच्या वरचा, म्हणून ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याची ऑनलाईन नोंद, तीही होती. पाऊस धरला होता, हमालांना घाई होती. ड्रायव्हरनं डबे मोजले नाहीत. चलनावर सही केली आणि निघाला.

सातच्या सुमारास बाची मागे टाकल्यावर उजव्या बाजूची ताडपत्री फडफडायला लागली. आरशात बघितलं तर दोरी दोन-तीन हुकांतून सुटलेली. रस्त्याच्या कडेला गाडी घेतली. बॅटरीचा भरवसा नव्हता, म्हणून इंजिन चालू ठेवलं. दिवे लावलेले, वायपर चालू, किल्ली स्विचमध्ये, मोबाईल डॅशबोर्डवर. पाऊस आत येऊ नये म्हणून काचा पूर्ण वर. उतरला आणि दार जरा जोरानंच लावलं.

चार पावलं गेला असेल, मागून "खट्ट" असा आवाज आला. त्यानं मला तो आवाज नंतर तीनदा करून दाखवला.

दोन्ही दारं लॉक. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. ही वेळ पक्की सांगता येते, कारण काचेतून डॅशबोर्डवरचा मोबाईल दिसत होता आणि त्याच वेळी त्यावर आईचा फोन वाजत होता.

त्याच्यासमोर काय काय होतं

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची वीस मिनिटं हीच. नंतर जे कोणी त्या पोराला "काच फोडायची होतीस की" असं म्हणाले, त्यांतला एकही त्या पावसात उभा नव्हता.

काच फोडणं हा पहिला मार्ग. डाव्या दाराची काच बसवण्यासकट दीड-दोन हजारांत होते. आत साडेचार लाखांचा माल, म्हणजे हिशोब सरळ आहे. पण तो हिशोब मालकाचा. पोराचा हिशोब वेगळा होता. आदल्या वर्षी खानापूर रोडवर एका रिक्षाला घासून आरसा फुटला, तेव्हा पगारातून सहाशे रुपये कापले गेले होते. त्याच्या डोक्यात काच म्हणजे आरशाच्या तिप्पट कपात. मालकांना तो मामा म्हणतो. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माल मामांचा, काच माझी झाली असती." यावर मालक काही बोलले नाहीत, चहा ढवळत बसले.

शिवाय दाराची काच दगडानं सहज फुटत नाही. ती टफन्ड असते. मधोमध मारलं तर दगडच परत उडतो. कोपऱ्यात टोकदार काहीतरी मारायला लागतं, आणि पाना-जॅक सगळं सीटमागे, म्हणजे आतच.

दुसरा मार्ग तार घालून बघण्याचा. त्यानं कुंपणाची एक तार सोडवून आणली, काचेच्या रबरातून घालायचा प्रयत्न केला, रबर फाटलं. सोडून दिलं.

तिसरा मार्ग गाडीजवळच थांबून कोणाला तरी हात करायचा आणि त्याचा फोन मागायचा. तीन मोटारसायकली गेल्या, एकही थांबली नाही. रेनकोट घातलेल्या माणसाला पावसात ब्रेक मारायला लावणं सोपं नसतं हे कबूल. पण त्या रस्त्यावरून साडेसात-आठपर्यंत चंदगडकडची शेवटची वाहनं येत असतात, एखादी एस.टी. किंवा वडापची खासगी गाडी आली असती. तो तिथंच उभा राहिला असता तर हे लिहायची वेळ कदाचित आली नसती. "कदाचित" का म्हणतो, ते पुढे येईल.

चौथा मार्ग त्यानं निवडला. साडेसातला गाडी तशीच, इंजिन चालू, सोडून अर्धा किलोमीटर मागे बाचीकडे चहाच्या हॉटेलात गेला. निघण्याआधी सुटलेली दोरी अंदाजानं एका हुकात अडकवली. फाळक्याला कुलूप होतंच, त्यामुळं मागची काळजी वाटली नाही, असं तो म्हणाला. तो हेही म्हणाला की केबिन लॉक आहे, फाळका लॉक आहे, म्हणजे गाडी एका अर्थी बंदच आहे असं त्याला वाटलं. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

फोन आणि नको ती किल्ली

हॉटेलवाल्याच्या फोनवरून फोन कोणाला करणार? नंबर सगळे मोबाईलमध्ये, मोबाईल केबिनमध्ये. पाठ असलेला नंबर एकच, मालकांचा, तो पण दारावर रंगवलेला असतो म्हणून.

"मामा, दार लॉक झालं की!"

"किल्ली कुठाय?"

"आतच हाय. गाडी पण चालूच हाय."

"चालू हाय म्हंजे? तू काय करायलास तिथं? थांब गा, दुसरी किल्ली घेऊन येतो."

सात चाळीसला हे बोलणं झालं. चहा पिऊन पोरगा गाडीपाशी परतला तेव्हा आठला पाच कमी होती. म्हणजे पंचवीस मिनिटं गाडीजवळ कोणी नव्हतं.

मालकांनी खुंटीवरची जादा किल्ली घेतली आणि मोटारसायकलवर भिजत आठ वीसला पोचले. किल्ली दारात घातली. फिरेना. ती नव्या स्विचची जोडकिल्ली होती. दाराची जुनी जादा किल्ली स्विच बदलताना कुठं गेली हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. घराच्या खुंटीवर "गाडीची किल्ली" म्हणून वर्षभर लटकलेली ती किल्ली गाडी चालू करू शकत होती, उघडू शकत नव्हती. आणि गाडी तर आधीच चालू होती.

आठ पंचवीसला मला फोन आला. "मिस्त्री, तुमचं लॉक तुम्हीच येऊन उघडा." आवाजातला राग रास्त होता.

मी आठ पंचावन्नला पोचलो. दाराच्या वरच्या कोपऱ्यात हवेची पिशवी सारून फट केली, रबर चढवलेली लांब सळई आत घातली, नऊ पाचला दाराच्या लॉकची खुंटी वर आली. हे काम ज्याला सवय आहे त्यानंच करावं. सवय नसलेला माणूस दाराची चौकट वाकवतो आणि मग पावसाळाभर केबिनमध्ये पाणी येतं. पोलिसांची गस्त आली असती तर दाखवायला लागेल म्हणून मालकांकडून आधी आर.सी.चा मोबाईलमधला फोटो उघडून घेतला. अनोळखी गाडी असली तर मी त्याशिवाय हात लावत नाही.

रविवार पेठेत त्या वेळी दुकान बंद. गाडी रात्री मालकांच्या अंगणात उभी राहिली. सकाळी उतरवताना अठ्ठावन्न डबे भरले.

दोन डबे

दोन डबे म्हणजे वीस किलो, 15,200 रुपये. या फेरीचं भाडं 2,800. पाच फेऱ्या फुकट मारल्यासारखं झालं.

डबे कुठं गेले? तीन शक्यता आहेत, आणि तिन्ही आजही तेवढ्याच उभ्या आहेत. कारखान्यातच अठ्ठावन्न चढले असतील. कारखान्याचा माणूस साठ म्हणतो, पण ड्रायव्हरनं मोजलेलं नाही. बाचीजवळ त्या पंचवीस मिनिटांत कोणी काढले असतील. नाहीतर रात्री अंगणातून गेले असतील. फाळक्याचं कुलूप तिन्ही वेळा जसंच्या तसं होतं.

रविवार पेठेतल्या व्यापाऱ्यानं पोलिसांत तक्रार द्या म्हटलं. मालकांनी अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यायला शेजारच्या मास्तरांना गाठलं. मास्तरांनी पहिल्याच ओळीला पेन थांबवलं : "चोरी कुठं झाली म्हणून लिहू?" महाराष्ट्रात की कर्नाटकात? कारखान्यात, रस्त्यात की दारात? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात देता येते, मग ती योग्य ठाण्याकडं जाते. त्यामुळं हद्दीची अडचण नव्हती. अडचण ही होती की चोरी झाली एवढं तरी छातीठोक कोण सांगणार? मालकांनी अर्ज दिला नाही. तो निर्णय मला पटला, जरी व्यापारी अजून त्यावरून टोमणे मारतो.

विम्याचं मी विचारलं तर मालक म्हणाले फर्स्ट पार्टी आहे. गाडीचा विमा गाडीचा असतो. हौद्यातला माल त्यात येत नाही, त्यासाठी मालवाहतुकीची वेगळी पॉलिसी लागते, जी ना कारखान्यानं काढली होती ना गाडीवाल्यानं. शेवटी तिघांत तोड निघाली : निम्मी रक्कम मालकांनी भाड्यातून वळती करून दिली, उरलेली कारखाना आणि व्यापारी यांनी आपसात मिटवली. ड्रायव्हरच्या पगाराला हात लावायचा नाही, हे मालकांनी स्वतःहून सांगितलं. आरशाची आठवण झाली असावी.

बिघाड कुठं होता

दोन दिवसांनी गाडी माझ्याकडं आली. आता माझी पाळी.

बाहेरून बसवायच्या किटमध्ये एक कंट्रोल युनिट आणि दाराला एक अशा छोट्या मोटरी असतात. बहुतेक किटमध्ये ड्रायव्हरच्या दारातल्या मास्टर मोटरला पाच वायरी, बाकीच्यांना दोन. निळी आणि हिरवी या दोन वायरी मोटरनं खुंटी ओढण्या-ढकलण्यासाठी : युनिट त्यांतून क्षणभर 12 व्होल्ट सोडतं, आणि लॉक का अनलॉक हे त्या दोघींचे प्लस-मायनस उलटवून ठरवतं. उरलेल्या तीन म्हणजे पांढरी, तपकिरी आणि काळी या निरोप्या. काळी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या गाडीच्या पत्र्याला, असते. ड्रायव्हरची खुंटी खाली गेली की आतल्या स्विचमुळं एक वायर अर्थला टेकते, वर आली की दुसरी टेकते. युनिट एवढंच ओळखतं : ही वायर अर्थ झाली, लॉक करा, ती झाली, उघडा. खुंटी कोणी दाबली, किल्ली कुठं आहे, माणूस आत आहे का बाहेर, हे त्याला कळायचं साधन नाही. कंपनीनं बसवलेल्या काही लॉकमध्ये किल्ली स्विचमध्ये असताना दार उघडं असेल तर लॉक अडवायची सोय असते. या किटला दाराशी आणि किल्लीशी काही देणंघेणं नाही.

दाराची आणि बॉडीची सांध जिथं आहे, बिजागरीपाशी, तिथून या वायरी जातात. दार उघडलं-लावलं की तिथं प्रत्येक वेळी त्या वाकतात. मी तिथं पत्र्याला भोक पाडलं होतं. भोकाच्या कडेला रबरी बुश घालायचा असतो. त्या दिवशी दुकानात बुश संपले होते, आणि मी वायरींवर इन्सुलेशन टेप गुंडाळून काम पुरं केलं. तीन पावसाळ्यांत टेप सुटली. पत्र्याच्या धारेनं लॉकच्या निरोप्या वायरीचं आवरण कापलं आणि आतलं तांबं हिरवं पडून उघडं दिसत होतं. दार आपटलं की तांबं पत्र्याला टेकायचं. पत्रा म्हणजे अर्थ. युनिटला लॉकचा हुकूम गेला, त्यानं तो पाळला.

दार हळू लावून बघितलं, काही नाही. आपटून बघितलं, पाच वेळांत दोनदा "खट्ट". पोरगा बाजूला उभा होता. म्हणाला, "आधी पण दोन-तीनदा झालतं, मला वाटलं रिमोट दाबला गेला खिशात." ती पूर्वसूचना होती. तेव्हा किल्ली खिशात असायची म्हणून कोणाचं काही अडलं नाही, आणि अडलं नाही म्हणून कोणी सांगितलं नाही.

पंधरा रुपयांचा बुश. मालकांना मी तो काढून दाखवला. ते म्हणाले, "काढूनच टाका ते लॉक."

लॉकचं काय केलं

काढून टाकणं हा एक मार्ग होताच. पण मग डावं दार प्रत्येक वेळी वाकून बंद करायचं आलं, आणि कंटाळून ड्रायव्हर ते उघडंच ठेवतात. हे मी फार गाड्यांत बघितलं आहे.

मालकांच्या पुतण्यानं वेगळंच सुचवलं. परदेशातल्या पिकअपांचे व्हिडिओ बघून तो म्हणाला, याच किटची एक मोटर फाळक्याला लावा, रिमोट दाबला की पुढचं-मागचं सगळं एकदम लॉक. तिथल्या गाड्यांत फाळक्याचं कुलूप हँडलमध्ये असतं आणि हौद्यावर पक्कं झाकण असतं, तिथं ते शोभतं. आमच्या फाळक्याला साखळी आणि आकडा. त्यावर रोज शंभर किलोचं पोतं आपटतं, चिखल बसतो, पाणी साचतं. त्याहून मोठं कारण हे की उद्या उघडायच्या हुकमाची वायर अर्थ झाली तर चालत्या गाडीचा फाळका आपण होऊन उघडेल. मी नाही म्हटलं.

तिसरी युक्ती काही टॅक्सीवाले करतात : बंपरखालून लपवलेली केबल, ओढली की दार उघडतं. ज्याला माहीत आहे त्या प्रत्येकासाठी ती उघडते.

शेवटी केलं ते असं. ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरच्या निळ्या-हिरव्या वायरी तोडून बंद केल्या. त्या मोटरमधला स्विच तेवढा जिवंत ठेवला. आता ड्रायव्हरचं दार फक्त हातानं किंवा किल्लीनं लॉक होतं; ते केलं की स्विच युनिटला कळवतो आणि डावं दार मागोमाग लॉक होतं. वायर पुन्हा कुठं घासली तरी फार तर डावं दार लॉक होईल. ड्रायव्हरचं दार माणसाशिवाय लॉक व्हायची वाटच उरली नाही. गैरसोय एवढीच की रिमोटनं आता उजवं दार लॉक होत नाही, किल्ली फिरवावी लागते. पोरगा आठवडाभर कुरकुरला.

वायरी नव्या घातल्या, दोन्ही भोकांना बुश, मधे दार पूर्ण उघडलं तरी ताण येणार नाही एवढी ढील, वर रबरी नळी, लाईनला फ्यूज. मजुरी घेतली नाही. दारांची कुलपं स्विचच्याच किल्लीची करायचं मालकांनी मनावर घेतलं आहे, अजून केलेलं नाही. तोवर दाराच्या दोन नव्या किल्ल्या करून घेतल्या. एक घरात, तिच्यावर रंगानं "दार" लिहिलेली. दुसरी पोराच्या गळ्यात, काळ्या गोफात. जुडग्यात नाही. बॅटरी त्याच आठवड्यात बदलली, गणपतीच्या आधी.

मागचा हौदा

सगळे कुलपाकडं बघत होते, म्हणून मी एक प्रयोग केला. दहा किलोचा वाळू भरलेला डबा हौद्यात ठेवला, ताडपत्री नेहमीसारखी बांधायला लावली, फाळक्याला कुलूप घातलं आणि घड्याळ लावलं. बाजूच्या दोन हुकांतून दोरी सोडवायची, ताडपत्री उचलायची, डबा बाहेर काढायचा, दोरी परत अडकवायची. पन्नास सेकंद. कुलपाला हातही लागला नाही. मालक एकदम गप्प झाले, आणि मग त्यांना दुसरी गोष्ट दिसली : फाळक्याच्या बिजागरीच्या खिळा वरून उघड्या होत्या, दोन ठोक्यांत निघाल्या असत्या.

बंद बॉडी करायची का यावर बरीच चर्चा झाली. काजूला ती उत्तम. पण पत्र्याचं वजन वाढतं तेवढा माल कमी बसतो, उसाच्या हंगामात आणि रताळ्याच्या दिवसांत उंच माल भरता येत नाही, आणि गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आर.टी.ओ.ची परवानगी आणि आर.सी.वर नोंद लागते. ही गाडी पोटासाठी सगळं ओढते. एकट्या काजूसाठी तिला डबाबंद करणं परवडणारं नव्हतं.

त्याऐवजी जाड ताडपत्रीला कडेनं वीतभर अंतरावर धातूच्या कड्या मारून घेतल्या. हौद्याच्या बाजूचे हुक काढून बंद कडी वेल्ड केली, म्हणजे दोरी वर उचलून सुटणार नाही. ताडपत्रीची कडी, बॉडीची कडी असं ओवत पाच मिलीमीटरची प्लॅस्टिक चढवलेली तारेची दोरी पूर्ण वेढा घालून दोन्ही टोकं फाळक्यावर आणली. टोकांना घट्ट दाबलेले फासे. दोन्ही फासे आणि फाळक्याची साखळी एकाच कुलपात. बिजागरीच्या खिळांना वेल्डिंगचा एकेक ठिपका. कुलपावर पावसासाठी जुन्या ट्यूबचा तुकडा. सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत.

तार कटरनं तुटते, ताडपत्री ब्लेडनं फाटते, हे मालकांना स्पष्ट सांगितलं. पण तुटलेली तार दिसते. आधीची दोरी सोडून परत बांधली तर काहीच दिसत नव्हतं, आणि म्हणून मास्तरांचं पेन थांबलं होतं. त्याच कारणासाठी कुलपाबरोबर नंबर असलेलं प्लॅस्टिकचं सील सुरू केलं. कारखान्यात डबे मोजून झाले की सील मारायचं, नंबर चलनावर लिहायचा, पेठेत उतरवायच्या आधी व्यापाऱ्यानं तो ताडून बघायचा. ड्रायव्हर मोजल्याशिवाय सही करत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांना हमाल वैतागले, आता तेच मोठ्यानं आकडे म्हणतात.

निष्पन्न

तेव्हापासून दसऱ्यापर्यंतच्या फेऱ्यांत एकही डबा कमी आला नाही. एकदा सीलचा नंबर जुळला नाही, तर कारखान्यातच चुकीचा लिहिला होता असं फोनवर पाच मिनिटांत कळलं. डावं दार आपोआप लॉक झाल्याचंही पुन्हा ऐकलं नाही. ते दोन डबे सापडले नाहीत. कोणावर आळ घेतला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

त्या संध्याकाळपुरतं बोलायचं तर गाडी सोडून जाणं ही चूक मी धरतो, काच न फोडणं नाही. पोरानं हॉटेलात जायच्या ऐवजी गाडीपाशी थांबून आणखी वीस मिनिटं हात केले असते, तर निदान रस्त्याची शक्यता खोडता आली असती. एखाद्या मोटारसायकलवाल्याला मालकांचा नंबर सांगून पुढं पाठवायचं एवढंच काम होतं. पण त्याला हे सुचावं अशी कोणी तयारी करून घेतली होती का? "अमुक झालं तर काच फोड, पैसे मी देतो" हे वाक्य मालकांनी त्याला आधी सांगितलेलं असतं, तर निर्णय सव्वासातलाच झाला असता. आता सांगितलं आहे. किती रकमेच्या मालापासून वर काच फोडायची आणि किती खाली नाही, असा आकडाही ठरला आहे.

गाडी रात्री अंगणात ठेवण्याआधी नऊ पाचला, माझ्या टॉर्चच्या उजेडात, डबे मोजता आले असते. आम्ही तिघं होतो. कोणाच्याच मनात आलं नाही, कारण दार उघडलं याचाच आनंद झाला होता. तेव्हा मोजले असते तर अंगणाची शक्यता तरी सुटी झाली असती.

आणि बुश. त्या वर्षी बुश संपलेले असताना मी टेपवर भागवलेल्या गाड्या आठवून वहीतून काढल्या. अकरा निघाल्या. सगळ्यांना फोन केले. सहा येऊन गेल्या, त्यांतल्या दोघींची तीच वायर सोललेली होती. दोन गाड्या विकल्या गेल्या, एक गोकाककडं आणि एक गोव्यात. नव्या मालकांचे नंबर मिळवले, निरोप दिला. राहिलेले तिघे "येतो की मिस्त्री, लॉक तर चांगलं चालतंय" म्हणतात. त्यांच्यासाठी बुश ड्रॉवरमध्ये वेगळे काढून ठेवले आहेत.